गोगलगायीला पहाटे सोडावं लागेल

३ जानेवारी
नवी वही. जुनी निम्मी कोरीच आहे, पण तिच्यातले मागच्या वर्षीचे संकल्प वाचवत नाहीत. स्वच्छ सुरुवात केलेली बरी.

आज मॅडमनी बोलावलं. मॅडम म्हणजे आमच्या विज्ञान-संग्रहालयाच्या संचालक. तळमजल्यावरचा मागचा बोळ रिकामा आहे, तिथे ‘वेग दालन’ करायचं. निसर्गातल्या आणि माणसाने बनवलेल्या सर्वांत वेगवान गोष्टी. चाळीस मीटर लांबी, भिंतीवर दिव्यांची एक माळ, वीस फलक. सगळं माझ्याकडे. उद्घाटन २० फेब्रुवारी, संध्याकाळी पाच. माझं कंत्राट त्याच महिनाअखेरीस संपतं. मॅडम म्हणाल्या, दालन नीट पार पडलं तर तुमच्या पुढच्या तीन वर्षांचं मी समितीपुढे ठेवते. नीट पार पडलं नाही तर काय, ते बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. अर्धवट माहितीवर काम सुरू करणं बरं नव्हे. उद्या विचारतो.

एका फलकावर फक्त चाळीस शब्द. लोक उभ्याने वाचतात, म्हणाल्या. म्हणजे एकूण आठशे शब्द. एका दुपारचं काम. पंधरा दिवस धरतो. बाकीचा वेळ तपासायला.

४ जानेवारी
विचारलं नाही. मॅडम मीटिंगमध्ये होत्या. नंतर मी जेवायला गेलो होतो.

हिला सांगितलं. ही पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, सध्या दोन-दोन पाळ्या करते. म्हणाली, ह्या वेळी तरी. वाक्य तिथेच सोडलं. अर्धवट वाक्यं मला खटकतात, पण हे कळलं.

सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आमच्याकडेच आहेत. वॉकर घेऊन चालतात. त्यांनी विचारलं, जावईबापू, वेगाचं काम तुम्हाला कोणी दिलं?

७ जानेवारी
पहिला फलक, चित्ता. सव्वादहाला लिहिलं: ‘चित्ता हा जमिनीवरचा सर्वांत वेगवान प्राणी आहे.’ वाक्य चांगलं उतरलं. चहा घेतला.

दुपारी खटकलं. किती अंतरापर्यंत सर्वांत वेगवान? चारशे-पाचशे मीटर पळाला की तो धापा टाकत बसतो. पाच किलोमीटरची शर्यत लावली तर हरणासारखा एखादा प्राणी त्याला केव्हाच मागे टाकेल. ‘थोड्या अंतरापुरता’ असं घातलं. थोड्या म्हणजे किती? तेही घातलं. मग मोजमाप कोणी केलं, पाळीव चित्त्याचं की रानातल्या, हे आलंच. संध्याकाळी मोजले, सदुसष्ट शब्द झाले आणि वाक्य अजून संपलं नव्हतं.

चित्ता तूर्त बाजूला. रद्द नाही, स्थगित. फरक आहे.

८ जानेवारी
मी उगाच वेळ काढतो आहे का? स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. दोन्ही बाजूंनी विचार केला. नाही. खोटं छापण्यापेक्षा उशिरा छापणं केव्हाही चांगलं. निष्कर्ष माझ्या बाजूने निघाला म्हणून पुन्हा एकदा तपासला. तोच निघाला.

११ जानेवारी
ससाणा. सूर मारताना ताशी तीनशेच्या वर. पण सूर मारणं म्हणजे उडणं की पडणं? पंख मिटून वरून खाली येणाऱ्याला ‘सर्वांत वेगवान उडणारा’ म्हणावं का? दगडही खाली येतो. सरळ उडण्यात वटवाघळाची एक जात ताशी एकशे साठ गेल्याचं म्हणतात, पण त्या मोजणीवर लोकांनी शंका घेतल्या आहेत. पाकोळी त्याच्या मागे आहे, पण तिची मोजणी पक्की. म्हणजे पक्षी घ्यायचा की सस्तन घ्यायचा की पक्की मोजणी घ्यायची?

जेवताना हे बोललो. सासूबाई म्हणाल्या, पडताना त्याला कुठे पडायचं ते ठाऊक असतं ना? मग ते पडणं नव्हे. मी मोरीत पडले, त्याला पडणं म्हणतात.

मुद्दा विचार करण्यासारखा आहे. टिपून ठेवला. ससाणा स्थगित.

१५ जानेवारी
पंधरा दिवस धरले होते, बारा गेले. अजून एकही फलक पूर्ण नाही. पण ‘पूर्ण नाही’ म्हणजे ‘झाला नाही’ असं नव्हे. नऊ फलक अर्धे-अर्धे झाले आहेत. साडेचार फलकांइतकं काम झालं, असं म्हणता येईल. हिला तसंच सांगितलं. ही म्हणाली, लॅबमध्ये मी अर्धा रिपोर्ट देऊन पाहते एकदा.

१६ जानेवारी
सेलफिश, समुद्रातला सर्वांत वेगवान मानला जाणारा मासा. सगळीकडे ताशी एकशे दहा लिहिलेलं आहे. शाळेत मीही तेच शिकलो. शोध घेतला. मूळ आकडा जुन्या काळचा, गळाला लागलेल्या माशाने किती वेळात किती दोरी ओढून नेली त्यावरून काढलेला. नवी मोजमापं ह्याच्या निम्म्याच्याही खाली येतात. म्हणजे गेली कित्येक वर्षं तो मासा दुसऱ्याच्याच वेगावर जगतो आहे.

दिवसभर मन उदास. मासा काढून टाकावा तर पाण्यातलं कोणी उरत नाही. ठेवावा तर काय लिहून ठेवावा?

१७ जानेवारी
आज आनंदाचा दिवस. टायगर बीटल नावाचा एक भुंगेरा आहे. भक्ष्यामागे इतका जोरात धावतो की डोळ्यांना दिसेनासं होतं. मग थांबतो, पुन्हा नीट बघतो, पुन्हा धावतो. थांबत थांबतच शिकार गाठतो.

हे वाचून मला फार बरं वाटलं. माझी कामाची पद्धत नेमकी हीच. धाव, थांब, बघ. फक्त मी सध्या बघण्याच्या टप्प्यात आहे.

हिला सांगितलं. हिने विचारलं, तो शेवटी पकडतो ना पण? पकडतो. म्हणाली, मग तू तो नाहीस.

तिच्या दोन पाळ्या झाल्या होत्या. थकव्यात माणूस बोलतो.

२० जानेवारी
मॅडमनी प्रगती विचारली. म्हणालो, पाया पक्का होतो आहे. त्या म्हणाल्या, पाया कोणी बघायला येत नाही. मग हळू आवाजात म्हणाल्या की समितीतले दोघे तुमच्या विरोधात आहेत, त्यांच्या हातात काही देऊ नका.

मी सेहेचाळीसचा आहे. ह्या वयात नव्याने मला कोण घेणार? आधी एका ज्ञानकोशाच्या कामावर होतो. तिथे माझ्या नोंदींना कोणी नावं ठेवू शकलं नाही. पाच वर्षांनी कोश बंद पडला तेव्हा आम्ही ‘अ’च्या अखेरीला आलो होतो. ते अपयश संस्थेचं. मी तपासून पाहिलं आहे.

आजपासून निश्चय. रोज दोन फलक. काहीही झालं तरी.

२१ जानेवारी
फलक शून्य. पण दिव्यांच्या माळेबद्दल एक मोठी कल्पना सुचली. त्यात दिवस गेला. सत्कारणी.

कल्पना अशी. बोळाच्या भिंतीवर टोकापासून टोकापर्यंत बारीक दिवे, बोटाबोटाच्या अंतरावर. खाली सात बटणं. गोगलगाय, धावपटू, चित्ता, ससाणा, जेट विमान, सूर्याजवळून जाणारं यान, प्रकाश. बटण दाबलं की एक उजेडाचा ठिपका त्या-त्या गोष्टीच्या खऱ्या वेगाने बोळभर धावणार. खऱ्या. सोयीसाठी कमी-जास्त केलेल्या नाही. शब्दांत शंका येतात, ठिपक्यात येणार नाहीत.

मॅडमना पटली. मी खोलीबाहेर पडलो तेव्हा बऱ्याच महिन्यांनी माझी पावलं भराभर पडत होती.

२९ जानेवारी
माळ बसली. वायरमनने चार दिवसांत काम उरकलं. आज पहिली चाचणी.

धावपटू: साडेतीन-चार सेकंद. सुंदर. चित्ता: एक म्हटलं, दोन म्हणेपर्यंत गेला. वायरमनसुद्धा हसला. ससाणा: झप.

जेट: डोळ्यांची उघडझाप. यान: सगळी माळ एकदम लागली. प्रकाश: सगळी माळ एकदम लागली.

वायरमन म्हणाला, साहेब, शेवटच्या दोन बटणांत काही बिघडलंय, दोन्हीत एकच दिसतंय. समजावलं की दोघांच्या वेगात हजारपटीहून जास्त फरक आहे. तो म्हणाला, असेल, पण इथे दिसत नाही.

दिसत नाही हे खरं. पण दिसत नाही हेच तर सत्य आहे. लोकांना हे एका वाक्यात कळेल असा फलक हवा. उद्या लिहितो.

गोगलगायीचं बटण दाबलं. पहिला दिवा लागला. आम्ही उभे राहिलो. बऱ्याच वेळाने तो विझून शेजारचा लागला. वायरमनने घड्याळ बघितलं. त्याला घरी जायचं होतं.

३० जानेवारी
हिशेब केला. गोगलगाय सेकंदाला एक मिलिमीटर. चाळीस मीटरला अकरा तास लागतात. उद्घाटन पाचला. म्हणजे तिला पहाटे सोडावं लागेल. सहाच्या जरा आधी. पाहुण्यांनी फीत कापली की तिकडे तिने शेवटचा दिवा गाठायचा. दिवसभराचा प्रवास आणि टाळ्या एकाच क्षणी. हे डोळ्यांसमोर आलं आणि खुर्चीतून उठून थोडा वेळ फिरलो.

रॉकेटला सांगितलं. रॉकेट म्हणजे आमचा प्रसिद्धीवाला. माझ्याच वयाचा. बोलतो भराभर, चालतो भराभर, म्हणून हे नाव. म्हणाला, बॉस, एक सुचवू? प्रकाशाचं बटण काढ आणि ट्यूबलाइटचं बटण तिथे लाव. तेच दिसतं. वायर वाचेल.

त्याचं तेच. खोली नाही.

४ फेब्रुवारी
एक भयंकर गोष्ट लक्षात आली. प्रकाशाचं बटण दाबल्यावर दिवे लागतात ते प्रकाशाच्या वेगाने लागतच नाहीत. मधे तारा आहेत, सर्किटं आहेत, प्रत्येक दिव्याला निरोप पोचायला काही काळ जातो. कोणाच्या डोळ्याला कळणार नाही. पण मला कळतं. वेगाच्या दालनात, भिंतीच्या मधोमध, एक खोटं. आणि ते मी बसवलेलं.

जेवण गेलं नाही. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, कोणी मेलं का? म्हटलं, नाही, दिवे किंचित उशिरा लागतात. त्यांनी हिच्याकडे बघितलं. ही भाजी वाढत राहिली.

५ फेब्रुवारी
खुलाशाचा फलक लिहायचं ठरलं. ‘हा प्रकाशाचा वेग नसून त्याचे निदर्शन आहे.’ सात शब्द. छान. पण ‘निदर्शन’ हा शब्द मोर्चाचाही. दुसरा शोधतोय.

९ फेब्रुवारी
मॅडमनी फलक मागितले. सगळे. मी सहा दिले. त्यांनी वाचले. चित्त्याच्या फलकाला तीन तळटीपा होत्या. त्यांनी विचारलं, ह्यात चित्ता कुठे आहे?

मग त्यांनी कागद बाजूला ठेवले. म्हणाल्या, तुम्हाला मी आणलं, समितीत तुमच्यासाठी मी भांडते, माझी लाज तरी राखा. मी म्हणालो, मॅडम, नक्की कोणता शब्द खटकला?

हे बोलायला नको होतं. हे लिहितानाही कान तापतात.

१० फेब्रुवारी
उरलेले चौदा फलक रॉकेटकडे. मॅडमचा निर्णय. त्याने जेवणाच्या सुट्टीनंतर बसून चार वाजेपर्यंत चौदाच्या चौदा लिहिले. मधे एकदा केस कापून आला.

वाचले. सेलफिश ताशी एकशे दहा. ससाणा ‘जगातील सर्वांत वेगवान सजीव’. यान ‘प्रकाशाशी स्पर्धा करणारे’. स्पर्धा. शर्यत असती तर यान दारातही पोचलं नसतं आणि प्रकाश घरी जाऊन झोपला असता.

मी रॉकेटला शांतपणे सांगितलं की ह्यात बावीस चुका आहेत. तो म्हणाला, पण फलक चौदा आहेत, आहेत की नाही?

मला वाईट वाटलं का? मनात डोकावून बघितलं. वाटलं. पण थोडं बरंही वाटलं. चौदा फलकांची जबाबदारी गेली. आता मी फक्त चुका दुरुस्त करायच्या. माझं खरं काम तेच.

१३ फेब्रुवारी
फलक छापायला गेले. मला न दाखवता.

ही विचारत होती, तुझं कायम होईल ना? म्हटलं, कायम नव्हे, तीन वर्षं. म्हणाली, बरं, तीन वर्षं. म्हटलं, शक्यता आहे. किती, म्हणाली. मी प्रामाणिकपणे सांगितलं की आकड्यात सांगणं अवघड आहे. ही उठून आत गेली. मला वाटतं, एखादा आकडा सांगायला हवा होता. पण कोणता?

१५ फेब्रुवारी
फलक छापून आले. सेलफिश भिंतीवर एकशे दहाने पोहतो आहे. त्याच्यासमोरून जाताना मान खाली घालतो.

उपाय सापडला. दुरुस्तीच्या पट्ट्या. पांढऱ्या कागदावर बारीक अक्षरात छापायच्या आणि फलकांच्या खाली चिकटवायच्या. नम्र, छोट्या, कोणाच्या नजरेत न येणाऱ्या. पण जो थांबेल, वाकेल, त्याला खरं कळेल.

मॅडमना विचारायला हवं का? विचारावं हे उघड आहे. पण विचारलं तर त्या नाही म्हणतील हेही उघड आहे. मग विचारणं हा निव्वळ उपचार होतो, आणि पोकळ उपचार मला पटत नाहीत.

१८ फेब्रुवारी
पट्ट्या तयार. सासूबाईंनी टीव्ही बघता बघता कात्रीने सरळ कापून दिल्या. एक वाचली आणि म्हणाल्या, हे लिहिलंय ते लोकांना सांगायला की लोकांपासून लपवायला? म्हटलं, सांगायला. म्हणाल्या, मग चष्म्याचं दुकानही काढा शेजारी.

समितीची बैठक उद्घाटनानंतर दोन दिवसांनी आहे. आतापर्यंत जे झालं नाही ते त्या एका संध्याकाळी होऊ शकतं. पाहुणे बटणं दाबतील, ठिपके धावतील, गोगलगाय पोचेल. एवढं डोळ्यांनी पाहिल्यावर कोण नाही म्हणेल? मी दिव्यांवर विसंबून आहे. दुसरं काही उरलेलं नाही.

२० फेब्रुवारी, सकाळ
पहाटे पोचलो. पहारेकऱ्याला उठवलं. सहाला काही मिनिटं कमी असताना गोगलगाय सोडली.

रिकाम्या बोळात तो एकच ठिपका. मी बाजूने चालत होतो. म्हणजे उभाच होतो. इतका शांत मी गेल्या दोन महिन्यांत झालो नव्हतो. एकदा वाटलं, ह्या पूर्ण इमारतीत मला समजून घेणारा हाच. मग वाटलं, हा फार भावनिक विचार आहे. मग पट्ट्या चिकटवल्या. वीसही फलकांना. माझ्या सहांनासुद्धा. भेदभाव नको.

२० फेब्रुवारी, संध्याकाळ
लिहू नये असं वाटतं. पण मग खरं कुठे राहणार?

पाहुणे पाचला येणार होते. साडेतीनला आले. त्यांना पुढे आणखी एक उद्घाटन होतं. मॅडमनी द्यायचा गुच्छ अजून पाण्यातून काढला नव्हता. मी बोळात धावलो. गोगलगायीला अजून पाच मीटर जायचं होतं.

वायरमन म्हणाला, साहेब, पुढे ढकलतो तिला, अर्ध्या मिनिटाचं काम. माझ्यापुढे प्रश्न उभा राहिला. पहाटेपासून ती खरी चालली होती. शेवटच्या पाच मीटरला फसवायचं? पण न फसवलं तर ती पोचणारच नाही, आणि मग तिचं खरं चालणं कोणाला कळणार? आणि न कळलेलं खरं म्हणजे. मी विचार पूर्ण करत होतो तेवढ्यात फीत कापल्याचा आवाज आला.

पाहुणे आत आले. घाईतला माणूस, पण हसरा. म्हणाले, कुठून सुरू करायचं? मी सांगण्याआधीच त्यांनी पहिलं बटण दाबलं. गोगलगायीचं.

ठिपका विझला. बोळाच्या पार मागच्या टोकाला पहिला दिवा लागला. दिवसभराचं चालणं एका बोटात गेलं.

पाहुणे बघत उभे. सगळे बघत उभे. काही हललं नाही. त्यांनी परत दाबलं. पहिला दिवा विझून पहिलाच लागला. ते म्हणाले, अडकलं वाटतं. मी म्हणालो, नाही साहेब, चालू आहे. ते म्हणाले, कुठे? मी म्हणालो, थोडं थांबावं लागेल. कोणीतरी मागे हसलं. रॉकेट असावा. नसेलही. आरोप नको.

मग त्यांनी घाईघाईने सगळ्यात शेवटचं बटण दाबलं. सगळे दिवे एकदम लागले. ते म्हणाले, हां, आली लाईट. आणि टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. बिघाड दुरुस्त झाला म्हणून.

चित्ता दाबला असता तर. एकदा चित्ता दाबला असता.

जाता जाता ते सेलफिशपाशी थांबले. फलक वाचला. मग वाकून पट्टी वाचली. मोठ्याने. ‘वरील आकडा विश्वसनीय नाही.’ पुढच्या फलकापाशी गेले. ‘वरील विधान मोजणीच्या पद्धतीनुसार बदलू शकते.’ त्याच्या पुढच्या. सरळ होऊन विचारलं, मग ह्या सगळ्यात खरं काय आहे?

आयुष्यात इतका चांगला प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी उत्तर सुरू केलं. आधी ‘वेग’ ह्या शब्दाची व्याख्या घेतली, मग सरासरी आणि क्षणिक असा भेद. डोळे मिटून नीट शब्द निवडत होतो. उघडले तेव्हा पाहुणे गाडीत बसत होते. मॅडम त्यांच्या गाडीचं दार धरून उभ्या होत्या. रॉकेट पट्ट्या ओरबाडून काढत होता.

बोळाच्या टोकाला गोगलगायीचा चौथा-पाचवा दिवा लागला होता. तो कोणी बंद केला नाही. मीही नाही.

२१ फेब्रुवारी
मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. खुर्चीत बसायला सांगितलं. म्हणाल्या, दालनाचं पद मी आता मागूच शकत नाही. मग म्हणाल्या, फिरत्या प्रदर्शनाची गाडी आहे, शाळाशाळांतून नेतात ती. तिच्यावर एक माणूस लागतो. पगार कमी, पण तीन वर्षांचं आहे आणि ते माझ्या एकटीच्या सहीने होतं. उद्या समितीच्या आधी नाव द्यायचं. हो की नाही, एवढंच सांगा.

अजूनही ही बाई माझ्यासाठी दार धरून उभी आहे. मी म्हणालो, मॅडम, आपला आभारी आहे, पण एवढ्या मोठ्या निर्णयाला आपण रात्रभराचा वेळ द्याल का? त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, उद्या दहाच्या आत फोन करा. फक्त एक शब्द. फोनवर काही समजावू नका.

घरी आल्यावर हिला सांगितलं. ही म्हणाली, आत्ता कर फोन. म्हटलं, दहापर्यंत वेळ आहे. म्हणाली, मी करू? म्हटलं, निर्णय माझा आहे. ही म्हणाली, भाडं माझं आहे. सासूबाई आतून वॉकर ठोकत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ह्यांच्या खिशातला फोन काढून दे गं मला.

मी गॅलरीत गेलो. बाजू मांडल्या. हो म्हणण्याच्या बाजूला: नोकरी. नाही म्हणण्याच्या बाजूला: मुलांसमोर रोज त्याच-त्या चुका बोलायच्या, गाडीत दुरुस्तीला जागा नाही, हलत्या गाडीत मला मळमळतं. तिसरी बाजूही असू शकते.

२२ फेब्रुवारी
सकाळी उठलो तेव्हा उत्तर तयार होतं. हो. कसलीही अट नाही, खुलासा नाही. इतका स्पष्ट निर्णय मी आयुष्यात घेतला नव्हता. आंघोळ करतानाही डळमळला नाही.

साडेनऊ झाले होते. फोन हातात घेतला. मग वाटलं, एवढ्या मोठ्या उपकाराचं उत्तर फोनवर एका शब्दात देणं असभ्य आहे. समोर जाऊन, डोळ्यांत बघून ‘हो’ म्हणावं. शर्ट इस्त्री केला. बस धरली नाही, चालत गेलो, म्हणजे मन ताजं राहील.

मॅडमच्या खोलीत रॉकेट आणि त्याचा मेहुणा बसलेले. पेढ्यासारखं काहीतरी तोंड गोड करायला फिरवत होते. रॉकेटने माझ्याही हातावर ठेवलं. म्हणाला, गाडीवर हा माझा मेहुणा जाणार, सव्वादहाला विचारलं, वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणाला.

मॅडम उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मी दहानंतर पाच मिनिटं थांबले. मग आणखी पाच. मग समितीच्या माणसांनी दार वाजवलं.

मी म्हणालो, माझं उत्तर हो आहे. त्या म्हणाल्या, मला ठाऊक होतं.

रॉकेटने मिठाईचा डबा मिटला.

२२ फेब्रुवारी, दुपार
घरी परत. निर्णय बरोबर होता, ह्याबद्दल अजूनही मला शंका नाही.

हिला अजून सांगितलेलं नाही. ती दोनला येऊन पुढच्या पाळीला निघायची आहे. तिला धक्का बसू नये अशा शब्दांत सांगायला हवं, आणि खोटंही नको. पहिलं वाक्य जमतं, दुसरं जमत नाही.

ती आली. चपला काढल्या नाहीत. दारातून माझ्याकडे बघितलं. इस्त्रीचा शर्ट बघितला, हात बघितले. पाणी प्यायली, माझ्या खांद्यावर एकदा हात ठेवला आणि गेली. म्हणजे सांगायचं राहिलंच.

सासूबाई वॉकर टेकत माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मग हळूच विचारलं, जावईबापू, एक तारखेपासून डबा हिचा एकटीचाच भरायचा का?

म्हटलं, सांगतो. संध्याकाळपर्यंत नक्की सांगता येईल.